ज्येष्ठा, कनिष्ठा आणि एक तुटता तारा

(उत्सवातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला ‘आवडलेला कौटुंबिक चित्रपट’. कौटुंबिक म्हटलं की आपण आधी रुमाल शोधतो. आज त्याची गरज पडणार नाही. मी बोलणार आहे टीव्हीसाठी काढलेल्या एका हलक्याफुलक्या अमेरिकन चित्रपटाबद्दल. नाव ‘विश अपॉन अ स्टार’. १९९६ साली तो तिकडे डिस्ने वाहिनीवर दाखवला गेला. माझ्या भाचीने येताना आणलेल्या सीडीमुळे तो आमच्या घरी आला आणि माझ्या दोन्ही मुलींनी त्याची अक्षरशः पारायणं केली.

गोष्ट दोन बहिणींची. थोरली अलेक्सिया देखणी, कपड्यांची हौशी, शाळेत सगळ्यांची लाडकी. धाकटी हेली अभ्यासू, दुर्बिणीतून आकाश बघत बसणारी. एका रात्री हेलीला आपली ताई मित्राबरोबर दिसते, तेवढ्यात तारा तुटतो आणि ही मागणं मागते : मला ताई व्हायचंय! सकाळी उठून बघते तर ताईच्या देहात ही आणि हिच्या देहात ताई.

आपल्याला यात नवल वाटायला नको. शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या देहात प्रवेश केल्याची आख्यायिका आपण ऐकलेली आहे. वेताळपंचविशीत दोन धडांवरच्या शिरांची अदलाबदल होते आणि वेताळ विचारतो, सांग राजा, आता हिचा नवरा कोणता? बाप्पाच्या मस्तकाची कथा तर इथल्या बालवर्गालाही पाठ आहे. इंग्रजीत एफ. अॅन्स्टी यांनी १८८२ साली ‘व्हाइस व्हर्सा’ ही कादंबरी लिहिली. तीत बाप आणि मुलगा यांची अदलाबदल होते, ती कशामुळे? तर भारतातून आणलेल्या ‘गरुड’ नावाच्या जादूच्या खड्यामुळे! म्हणजे जादूचा माल आपलाच.

पुढे १९७२ मध्ये मेरी रॉजर्स यांच्या ‘फ्रीकी फ्रायडे’त आई आणि मुलीची अदलाबदल झाली. पण आईचं आणि मुलीचं वय वेगळं, काम वेगळं. बहिणींचं तसं नसतं. घर एक, ताट एक, आरसा एक आणि त्यापुढे उभं राहायची वेळही एकच! म्हणून हे भांडण बरोबरीचं.

तसंच इथेही होतं. आधी दोघी मिळून पुन्हा ताऱ्याला साकडं घालतात, पण काही उपयोग होत नाही. मग सूड सुरू. थोरली धाकटीच्या देहात भलतेसलते कपडे करून शाळेत जाते. धाकटी थोरलीच्या जपलेल्या देहात बसून वाटेल ते खात सुटते. या प्रसंगांना आमच्या घरी हसून मुरकुंडी वळायची. गंमत म्हणजे धाकटीचं काम करणारी डॅनिएल हॅरिस ही थोरली झालेल्या कॅथरिन हायगलपेक्षा सुमारे दीड वर्षाने मोठी आहे. दोघींनीही एकमेकींच्या लकबी अशा उचलल्या आहेत की चेहरा एकीचा असला तरी आत कोण आहे ते लगेच कळतं.

पण मला हा चित्रपट आवडला तो शेवटच्या उलगड्यामुळे. नुसत्या हेलीने मागणं मागून भागत नाही, कारण त्या रात्री तारा दोघींनी पाहिलेला असतो आणि मागणंही दोघींनी मागितलेलं असतं. जिचा सगळ्यांना हेवा वाटतो, त्या ताईलाही धाकटी व्हायचं होतं!

इथे मला माझी ताई आठवते. वडिलांची फिरतीची नोकरी, त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी नवं गाव, नवी शाळा, नवी भाषा. मावशा, आत्या, चुलत भावंडं सगळी दूर. आमचं आडनाव वर्गात धड कुणाला उच्चारता यायचं नाही, त्याचं हसू आणि रडू आम्ही दोघींनीच वाटून घेतलं. आल्यागेल्यांनी आमच्यावर शिक्के मारले होते : थोरली कामसू, धाकटी हुशार. ताई चार दिवसांत शेजारणींशी त्यांच्या भाषेत गप्पा मारू लागायची. मी दाराआडून बघायची आणि मनात म्हणायची, मला असं का जमत नाही? पन्नाशी उलटल्यावर एकदा पापड वाळत घालताना ताई सहज म्हणाली, “तू पुस्तक घेऊन बसलीस की तुला कुणी हाक मारत नसे गं. मला वाटायचं, एक दिवस तरी आपण तू व्हावं.” तोवर इतक्या वर्षांत हे आम्ही एकमेकींना कधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून इथल्या आईबाबांना एक विनंती. आपण गाव सोडून लांब आलो. आपल्या मुलांना इथे मित्र खूप मिळतील. पण घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात तिसरीच भाषा, ही मिसळ मुळापासून जाणणारं माणूस म्हणजे आपलं सख्खं भावंडं. त्यांच्यात ‘ही हुशार, ती देखणी’ अशी भिंत आपल्या हातून उभी राहू नये. आणि मुलींनो, एकमेकींचा हेवा वाटला तर मनात ठेवू नका, सांगून टाका. त्यासाठी तारा तुटायची वाट बघू नका!

आपल्या घरी अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, त्याही ज्येष्ठा आणि कनिष्ठा. कुणाकडे मुखवटे असतील, कुणाकडे खडे. जिथे दोघी उभ्या असतात तिथे आपण साडी दोघींना नेसवतो आणि नैवेद्य दोघींना दाखवतो. यातली उजवी कोण, असं आजवर कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

 गणपती बाप्पा मोरया!