हजेरी कोणी लिहिली?



टाळेबंदी सैल झाली तेव्हा मी आमच्या वस्तीत मुलांना शिकवत होतो. सातवीतला एक मुलगा रात्री नऊनंतर यायचा. घरात फोन एकच, तो अब्बा कामावर न्यायचे. शाळेचा ऑनलाइन तास सकाळी अकराला! वर्षअखेर निकालपत्रावर शेरा आला, 'वर्गोन्नत'. तो किती दिवस तासाला नव्हता, याची नोंद मला कुठल्याच कागदावर दिसली नाही.

म्हणून कॅलिफोर्नियाचा कायदा सांगतो. सिनेट बिल 98. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी 29 जून 2020 रोजी त्यावर सही केली. कायदा म्हणाला, दूरस्थ शिक्षण देता ना, मग लिहून ठेवा. प्रत्येक मुलाचा रोजचा सहभाग नोंदवा, आठवड्याची वेगळी नोंद भरा. पहिली ते तिसरीला दिवसाला 230 मिनिटं, चौथीपासून पुढे 240 मिनिटं शिकवणं झालंच पाहिजे. आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस मूल दिसलं नाही, तर शाळेनं घराशी संपर्क साधायचा. मुलानं शाळा शोधत फिरायचं नाही, हे मला फार आवडलं.

शिवाय प्रत्येक शालेय जिल्ह्यानं 30 सप्टेंबर 2020 पर्यंत लेखी आराखडा मंजूर करायचा होता. उपकरणं आणि इंटरनेट कसं पोहोचवणार, मागे पडलेलं शिक्षण कसं भरून काढणार, गरीब, बेघर आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचं काय, हे सगळं त्यात. मंजुरीआधी जाहीर सुनावणी. आणि ज्या घरांत इंटरनेट नाही किंवा इंग्रजी बोलत नाहीत, त्यांचं म्हणणं घ्यायला काय केलं, तेही लिहायचं. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकलेल्यांनी हे वाक्य जरा मनात घोळवावं.

कागदानं सगळं सुटलं का? छे. काउंटीच्या शिक्षणप्रमुखांना आराखड्यावर शिफारशी करता येत होत्या, तो नाकारता येत नव्हता. 2020 संपता संपता ओकलंड आणि लॉस एंजेलिसमधली काही कुटुंबं राज्याविरुद्ध कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं, काळ्या, लॅटिनो आणि गरीब मुलांना समान शिक्षण मिळालं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये तडजोड झाली. शिक्षण भरून काढण्याच्या निधीतले किमान 2 अब्ज डॉलर सर्वाधिक गरज असलेल्या मुलांवर खर्च करायचं ठरलं. तीन वर्षांहून जास्त काळ गेला, तोवर तेव्हाचा पाचवीतला मुलगा आठवीत पोहोचला.

आपल्याकडे काय आहे? शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 21. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. अल्पसंख्याक अनुदानित शाळांत 2012 च्या दुरुस्तीनं ही समिती फक्त सल्ल्यापुरती ठेवली, आणि 2014 पासून तर हा कायदा त्या शाळांना लागूच नाही. माझ्या मते ही दुरुस्ती आपल्याच आईबापांचा आवाज कमी करणारी होती. तुम्हाला पटत नसेल तर नंतर भांडू. पण सल्ला द्यायला तरी सभेला जावं लागतं. आपल्यापैकी किती जणांच्या अम्मी त्या सभेला गेल्या आहेत? हात वर करा.

तीन. बरं.

मग आजचं काम. सरकारी किंवा महापालिकेच्या शाळेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 2020-21 ची हजेरी कशी घेतली आणि समितीच्या सभांची इतिवृत्तं, एवढंच मागा. दहा रुपये शुल्क आहे. अर्जाचा नमुना मागच्या टेबलावर ठेवलाय, मराठीत आणि उर्दूत.