‘दिसलं नाही’ म्हणायला शिकवताना

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आम्हा नवरा-बायकोला एकत्र बोलावून कार्यवाहांनी एका श्रीफळात दोन वक्ते मिळवले, याबद्दल प्रथम त्यांचं अभिनंदन. घरी आम्ही एकमेकांना बोलू देत नाही. इथं प्रयत्न करू.

आम्ही दोघं आपल्या इंदुरातच एका रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात काम करतो. जुनी मंडळी त्याला अजून कॅज्युअल्टी म्हणतात. पूर्वी तिथं ज्याची ड्यूटी असेल तो डॉक्टर बसायचा. २००९ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान परिषदेनं या विषयाला स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून मान्यता दिली, आणि तरुण मुलं-मुली त्यात एम.डी. करू लागली. त्यांना आम्ही जे शिकवतो, त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल आज सांगणार आहोत: खाटेपाशी करायची सोनोग्राफी.

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला नंबर लावणं, बाटलीभर पाणी पिऊन बसणं, अंधारी खोली आणि संध्याकाळी मिळणारा रिपोर्ट आठवतो. ती तपासणी रेडिओलॉजिस्टची. ती सविस्तर असते आणि तिची जागा कुणी घेत नाही. आमच्याकडे मशीन ट्रॉलीवरून पेशंटपाशी येतं आणि आम्ही त्याला एखादाच प्रश्न विचारतो. अपघातात मार लागलेल्या माणसाच्या पोटात रक्तस्राव होतोय का? हृदयाभोवती रक्त साठलंय का? छातीत फुप्फुसाबाहेर हवा जमून फुप्फुस दबलंय का? दोन-तीन मिनिटांत उत्तर हवं असतं, कारण पेशंटला सीटी स्कॅनला न्यायचं की थेट ऑपरेशनला, हे त्यावर ठरतं.

यात क्ष-किरण नसतात, फक्त आवाज असतो. आपल्या कानाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोट तपासायच्या प्रोबमधून निघणाऱ्या लहरींची कंपनं सेकंदाला साधारण २० ते ५० लाख असतात. त्या आत जाऊन आदळतात, परत येतात आणि त्यांचं चित्र होतं. पाणी किंवा पातळ रक्त काळं दिसतं. हाड पांढरं दिसतं आणि त्याच्यामागे सावली पडते. हवेतून मात्र या लहरी नीट जात नाहीत, म्हणून त्वचेवर ती थंडगार जेल लावावी लागते.

अपघाताच्या पेशंटमध्ये मुख्यतः चार जागा बघायच्या: उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधली फट, डावीकडे प्लीहेभोवतीची जागा, खाली मूत्राशयामागची जागा आणि वर हृदयाभोवतीचं आवरण. त्यानंतर दोन्ही फुप्फुसं. बरगड्यांच्या खाली एक पांढरी रेघ दिसते, ती श्वासाबरोबर सरकते, जणू मुंग्यांची रांग चाललीय. रांग थांबलेली दिसली की आमचे कान टवकारतात.

हे ऐकायला सोपं वाटतं, आणि मुलांना पहिल्या आठवड्यात वाटतंही. डावी बाजू मात्र भल्याभल्यांना दमवते. प्लीहा बरगड्यांखाली, वर आणि पाठीकडे लपलेली असते. शिकाऊ हात नेहमी पुढेच राहतो. आम्ही सांगतो, ‘बोटांची पेरं खाटेला टेकली पाहिजेत, तेवढा हात मागे ने.’ नाहीतर पडद्यावर बरगड्यांच्या सावल्या आणि पोटातला गॅस, एवढंच दिसतं.

आता ती रात्र सांगतो. अनंत चतुर्दशी होती. आपल्याकडे गिरण्यांच्या झांक्या निघतात त्या रात्री रस्ते कसे असतात, ते इथं सांगायला नको. आमचे अर्धे लोक पोचले नव्हते आणि दारात स्ट्रेचरवर स्ट्रेचर लागत होते. त्यात एक तरुण आला, मोटारसायकल घसरलेली, डाव्या बरगड्या दुखत होत्या. नाडी थोडी जलद, रक्तदाब ठीक. दुसऱ्या वर्षाचा आमचा रेसिडेंट प्रोब लावून बसला. आम्ही पलीकडच्या खाटेवर होतो. तिथूनच ओरडून विचारलं, “आहे की नाही? लवकर सांग.”

तो म्हणाला, “नहीं है, सर.”

आम्ही कागदावर ‘नाही’ लिहिलं आणि पुढे गेलो.

चाळीस मिनिटांनी नर्सनं हाक मारली. पोराची नाडी १३० वर गेली होती, अंगाला गार घाम सुटला होता. आम्ही स्वतः प्रोब लावला. प्लीहेच्या वर काळी पट्टी स्पष्ट दिसत होती. सर्जन आले, रक्त चढवलं, ऑपरेशन झालं. फाटलेली प्लीहा काढावी लागली. तो वाचला. त्याची आई दुसऱ्या दिवशी आमच्या पाया पडायला आली, तेव्हा आम्हाला कुठं बघावं ते कळेना.

पहाटे चहाच्या टपरीवर त्या रेसिडेंटला विचारलं, “डावीकडे तुला काय दिसलं होतं?” बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “सर, डावी बाजू मला नीट दिसलीच नव्हती. सगळ्या सावल्याच येत होत्या.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही ‘आहे की नाही’ विचारलंत, सर. ‘दिसलं नाही’ असं उत्तर त्यात नव्हतंच.”

मंडळी, चूक कुणाची होती, हे आम्हाला तिथं कळलं. कदाचित पहिल्या वेळी रक्त इतकं थोडं असेल की आम्हालाही दिसलं नसतं. पोटात काही शे मिलिलिटर साठल्याशिवाय ते सहसा दिसत नाही. पण ‘नीट दिसलं नाही’ हे शब्द कानावर आले असते, तर आम्ही ‘नाही’ लिहून पुढे गेलो नसतो. दहा मिनिटांनी परत बघितलं असतं. तिसरं उत्तर देण्याची वाट आम्हीच बंद करून ठेवली होती.

त्यानंतर आम्ही कागद बदलला. आता प्रत्येक जागेसमोर तीन चौकोन आहेत: ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘नीट दिसलं नाही’. शेजारी वेळ लिहायची. तिसऱ्या चौकोनात खूण केली तर रागवायचं नाही, उठून जवळ जायचं, हा नियम मुलांसाठी नाही, आमच्यासाठी आहे. आणि ‘नाही’वर खूण असली तरी, पेशंटचा रंग बदलला, नाडी वाढली, की पुन्हा प्रोब लावायचा.

सरावाला पर्याय नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्सच्या मार्गदर्शक सूचनांत अशा प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी २५ ते ५० वेळा देखरेखीखाली सराव करावा असं म्हटलं आहे. आमची मुलं आधी एकमेकांची पोटं तपासतात. पण हाताचं वळण आकड्यानं येतं, तसं ‘मला कळलं नाही’ म्हणण्याचं धैर्य येत नाही. ते समोरचा कसा विचारतो, त्यावर असतं.

पहिल्या दिवशी आणखी एक गोष्ट आम्ही मुलांना वाचायला लावतो, ती म्हणजे भिंतीवरची पाटी: इथं गर्भलिंगनिदान केलं जात नाही. हे मशीन कुठेही उचलून नेता येत नाही, त्याची नोंदणी असते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानं केला, आणि केंद्राचा कायदा १९९४ चा. याच यंत्रानं कितीतरी मुली जन्माआधी नाहीशा केल्या, हे त्याच यंत्रानं जीव वाचवायला शिकणाऱ्याला माहीत असायला हवं.

गेल्या पावसाळ्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी रात्री अडीच वाजता आमच्याकडे आली. म्हणाली, “मॅडम, डावी बाजू दिसत नाहीये. तुम्ही याल का?” आम्ही गेलो. काही निघालं नाही, पेशंट दोन दिवसांनी घरी गेला. पण ते एक वाक्य ऐकून आम्हाला जे समाधान वाटलं, ते तिला कधी कळणार नाही. आणि तो जुना रेसिडेंट आज स्वतः शिकवतो. त्याच्याही कागदावर तीन चौकोन आहेत.

शेवटी आपल्याला एक विनंती. घरातल्या कुणाला मार लागून दवाखान्यात न्यावं लागलं आणि तरुण डॉक्टर म्हणाला, “नीट दिसत नाही, थोड्या वेळानं परत बघतो,” तर ‘याला काही येत नाही’ असं म्हणू नका. तो थांबा म्हणाला तर थांबा. आणि घरी नातवंडांना विचाराल तेव्हा ‘समजलं की नाही?’ असं दरडावून विचारू नका. ‘कुठं अडलं?’ असं विचारा.

 गणपती बाप्पा मोरया!