वाहनतळ कोणासाठी?

(विद्यार्थी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



विद्यापीठाच्या आवारात वाहनतळ अपुरा पडतो, ही तक्रार आपल्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर आहे. शिष्यवृत्ती आणि वसतिगृह तिच्या खाली गेले आहेत. यावरून आपणास हिणविण्याचा माझा हेतू नाही. कारण हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. तो मुळात जमिनीच्या वाटपाचा प्रश्न आहे, आणि जमिनीच्या वाटपाकडे समाजवाद्याने पाठ फिरविता कामा नये.

गणेशखिंडीचा इतिहास आपण जाणता. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांच्या निवासासाठी जी वास्तू उभारली गेली, तीत 1949 मध्ये पुणे विद्यापीठ आले. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू. चारशेहून अधिक एकरांचा तो परिसर साहेबाकडून जनतेकडे आला, तो जनतेच्या मुलांनी शिकावे म्हणून. 2014 साली त्या विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या बाईने शाळेची वाट पायी तुडविली, आणि त्या वाटेवर शेणमातीचा मारा सोसला, तिच्या नावाच्या आवारात पायी येणाऱ्याचे स्थान काय, हा प्रश्न म्हणूनच मला अप्रस्तुत वाटत नाही.

थोडा हिशेब मांडू. उघड्या तळावर एक मोटार उभी करावयास, येण्याजाण्याच्या मार्गासह, सुमारे 23 चौरस मीटर जागा धरण्याचा नियोजनकारांचा प्रघात आहे. वसतिगृहात दोन विद्यार्थ्यांना मिळून जी खोली मिळते, तीहून ही जागा सहसा मोठीच भरते. ग्रंथालयात एका वाचकास अडीच चौरस मीटर लागतात असे मानले, तर एका मोटारीने नऊ वाचकांचे आसन अडविले. तेवढ्याच जागेत दहा सायकली सहज उभ्या राहतात. मोटार ज्याची आहे तो या जागेचे मोल देत नाही. मग ते कोण देतो? तो तळ ज्या पैशातून बांधला, झाडला व राखला जातो, त्यात बसने व पायी येणाऱ्या विद्यार्थ्याचाही वाटा असतो. ज्याच्याजवळ नाही त्याच्याकडून घेऊन ज्याच्याजवळ आहे त्यास देणे, याला आपण एरवी काय म्हणतो?

परंतु येथेच एक सोपा मार्ग पुढे केला जातो : शुल्क लावा, म्हणजे गर्दी आपोआप ओसरेल. हा बाजाराचा न्याय झाला. शुल्काने गर्दी ओसरते खरी, पण ओसरतो तो प्रथम गरीब. मोटारवाला शंभर रुपये हसत भरील. हप्त्यावर घेतलेल्या जुन्या दुचाकीवरून येणारा मात्र फाटकाबाहेर गाडी लावील आणि दंडाची पावती घेऊन घरी जाईल. या दुचाकीवाल्याला चैनी समजण्याची चूक कोणी करू नये. त्यातला एखादा व्याख्याने आटोपताच जेवणाचे डबे पोहोचवावयास धावतो. गाडी हेच त्याचे उपजीविकेचे साधन असते. उपनगरात राहणाऱ्या मुलीच्या हाती बापाने कर्ज काढून स्कूटर दिली, ती रात्रीच्या शेवटच्या बसचा भरवसा नाही म्हणून.

तेव्हा रोगाचे मूळ तळावर नसून रस्त्यावर आहे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे दुचाकींचे झाले, ते पुणेकरांची अभिरुची बदलली म्हणून नव्हे, तर सार्वजनिक वाहतूक दुबळी ठेवली गेली म्हणून. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल 2020 मध्ये मेट्रोसाठी पाडावा लागला. वाहनांसाठी कोट्यवधी ओतावे, मग तेच उखडावे, आणि बसच्या प्रवाशाने थांब्यावर तिष्ठत राहावे, हेच आपले नियोजन! जून 2025 पासून शहर बसचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. 2024 साली शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील ठराविक उत्पन्नमर्यादेखालील मुलींचे शिक्षणशुल्क माफ केले. ते स्वागतार्हच आहे. पण वर्गाच्या दारापर्यंत पोहोचण्याचा खर्च ज्या घराला झेपत नाही, त्या घराला ही माफी अर्धीच मिळाली.

अन्यत्र काय घडले ते पाहा. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाने 1991 साली मोटारतळाचे शुल्क वाढविले, पण ते उत्पन्न तिजोरीत न टाकता विद्यार्थ्यांच्या व कर्मचाऱ्यांच्या बसपासाकडे वळविले आणि बसफेऱ्याही वाढवून घेतल्या. एकट्याने मोटार हाकीत येणाऱ्यांचे प्रमाण घटले. भांडवलशाही अमेरिकेतील एका विद्यापीठाला जे सुचले, ते आपल्या विद्यापीठांना सुचू नये काय? त्याच देशात बर्कलीला नोबेल विजेत्या प्राध्यापकासाठी आवारात वाहनाची जागा राखीव असते, हेही खरे. तेथे निदान नोबेल तरी मिळवावे लागते; आपल्याकडे सावलीची जागा पदावरून ठरते.

म्हणून माझी सूचना अशी की, ‘वाहनतळ वाढवा’ ही मागणी आपण बदलावी. तळावरील पहिला हक्क अपंग विद्यार्थ्यांचा. त्यानंतर सायकली, मग ज्यांच्या गावी वा वस्तीत बस जात नाही, किंवा ज्यांचे पोट गाडीवर अवलंबून आहे, त्यांच्या दुचाकी, आणि त्याही निःशुल्क. मोटार सर्वांत शेवटी, ती कुलगुरूंची असो वा विद्यार्थ्याची, आणि तिने जागेचे पूर्ण मोल द्यावे. त्या पैशाचा हिशेब दरवर्षी फलकावर लागावा आणि तो सर्व पैसा बसपास, सायकली व रात्रीच्या फेऱ्या यांवरच खर्च व्हावा.

यात आपल्यापैकी काहींची गैरसोय होईल, हे मी लपवीत नाही. आज या सभेला मोटारीने आलेले दोघेतिघे मला समोर दिसत आहेत. परंतु स्वतःची सोय मागणारी संघटना आणि न्याय मागणारी चळवळ यांतील फरक अशाच लहान प्रश्नांवर उघड होतो. निवेदन अद्याप दिलेले नाही. पहिले कलम पुन्हा लिहिण्यास एक रात्र पुरेशी आहे.