खोकी चुकली का?

भोसरीच्या एका कारखान्यात मी पॅकिंगचा सुपरवायझर होतो. बौद्धिक अक्षमता असलेला एक तरुण तिथं खोकी भरायचा. वर्षभर एकही चूक नाही. मग पाळी बदलली, शेजारचा जोडीदार बदलला आणि तो घाबरून घरी बसला. ‘कामास अयोग्य’ असा शेरा मारून मी मोकळा झालो. त्याच्या आईनं एवढंच विचारलं, ‘साहेब, खोकी चुकली का हो?’ मी शेरा खोडला. जुनी पाळी, जुना जोडीदार परत दिला. तो टिकला.

२०१६च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार आदींसाठी मिळून किमान १ टक्का जागा राखल्या. खासगी कारखान्यात मात्र नोकरी टिकणं पाळी लावणाऱ्याच्याच हाती असतं. तेव्हा पाळी लावताना एवढं जरूर पाहा.