मेंदूचा आलेख : तज्ज्ञ आणि यंत्र

आजच्या विषयाचा एक धागा पुण्यात, तर दुसरा सर्वोच्च न्यायालयात आहे.

जर्मन वैद्य हान्स बर्गर यांनी 1924 साली मानवी मेंदूचे विद्युत्‌तरंग प्रथम टिपले, तेव्हापासून ईईजीचा आलेख वाचणे हे मुरलेल्या नजरेचे काम मानले गेले. रुग्णाने पापणी मिटली, दात आवळले वा त्याला डुलकी लागली, तरी रेषांचे रूप पालटते. त्या गर्दीतून अपस्माराची टोकदार लाट निवडून काढणे इतके नाजूक, की एकाच आलेखावर दोन निष्णातांचेही कित्येकदा दुमत होते.

या क्षेत्रात संगणक आता उतरला आहे. तीस हजारांहून अधिक आलेखांवर शिकवलेली ‘स्कोअर-एआय’ ही प्रणाली नेहमीच्या ईईजीच्या वाचनात तज्ज्ञांच्या तोडीस उतरल्याचे 2023 साली प्रसिद्ध झाले. जेथे तज्ज्ञ दुर्मिळ आणि रुग्णांची रांग लांब, तेथे हे साहाय्य स्वागतार्हच होय.

परंतु संशयिताच्या डोक्याला विद्युदग्रे लावायची, त्याला गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकवायची आणि तरंगांवरून त्या कृत्याची अनुभवजन्य स्मृती ओळखल्याचा दावा संगणकाने करायचा, हा प्रकार निराळा. जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्याच्या निकालात अशा अहवालाचा आधार घेतला. पुढे 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीवाचून केलेल्या अशा चाचण्या घटनाबाह्य ठरविल्या.

अपस्माराच्या निदानाची खातरजमा रुग्णाच्या लक्षणांशी आणि इतर तज्ज्ञांच्या मताशी ताडून करता येते. अपराधाची लाट मात्र कोणत्याही वैद्याने आलेखात निर्विवादपणे दाखविलेली नाही. म्हणून जो प्रश्न निष्णात माणसालाही आलेखावरून सोडविता येत नाही, त्याचा निवाडा यंत्राकडे सोपवू नये. आणि जो सोडविता येतो, त्यातही अहवालाखालची सही व जबाबदारी वैद्याचीच असावी.