हिंदू आणि बौद्ध : भेद कोठे आहे?
(कृष्णाकाठच्या एका गावी शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



विषय मोठा दिला आहे, आणि समोर बसलेली मंडळी दिवसभर उसाच्या सरीत राबून आली आहेत. म्हणून पोथीतली कोडी बाजूला ठेवतो आणि आपल्याच मुलखापासून आरंभ करतो.

वाईजवळ लोहारे गावाच्या हद्दीत पालपेश्वराची लेणी आहेत. तुमच्यापैकी काहींनी तेथे बेल वाहिला असेल. माझ्या आजीने वाहिला, तिचे बोट धरून मीही वाहिला. ती पिंड नेहमीच्या पिंडीसारखी दिसत नाही, कारण ती मुळात पिंड नव्हेच. तो बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेला स्तूप आहे. भिक्षू गेले, डोंगर राहिला, आणि मागून आलेल्यांनी स्तूपाचाच महादेव केला. आता कोणी म्हणेल, "बघा, दोन्ही एकच की! बुद्ध हा तर विष्णूचा नववा अवतार." हे बोलणे मी लहानपणापासून ऐकत आलो. अहो, एकाच जात्यावर ज्वारी दळतात आणि हळदही दळतात, म्हणून हळदीची भाकरी कोणी थापत नाही!

तर भेद कोठे आहे? पुष्कळ लोक म्हणतात, एक देव मानतो, दुसरा मानत नाही. हे खरे आहे, पण पुरते नाही. बुद्धाने जग निर्माण करणारा कोणी सांगितला नाही, वेदाला प्रमाण मानले नाही, आणि देहातून निघून दुसऱ्या देहात शिरणारा अमर आत्माही मानला नाही. यंदाची ज्वारी गेल्या सालच्या बियाण्यातून आली, पण गेल्या सालचा दाणा काही हिच्या पोटात लपून बसलेला नाही. तसे त्याचे म्हणणे. परंतु हिंदूंच्या सांख्य मतातही जगाच्या कर्त्याची गरज लागत नाही. हिंदू धर्माचे घर ऐसपैस आहे. देव माना, मानू नका, तेहतीस कोटी माना, तुम्हाला बाहेर कोणी काढत नाही. काढतात ते केव्हा, तर जातीबाहेर सोयरीक केली की! तेव्हा कळते की या घराची मेढ देवावर रोवलेली नाही, जन्मावर रोवलेली आहे.

बौद्ध घराचे दार निराळे आहे. आई कोण, बाप कोण, हे तेथे लागत नाही. तीन शरणे आणि पाच शीले आपल्या तोंडाने म्हणावी लागतात. कपिलवस्तूचे शाक्य राजपुत्र भिक्षू व्हायला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपालीही होता. त्याला आधी दीक्षा दिली, म्हणजे राजपुत्रांना त्याच्या पाया पडावे लागले. पुढे संघाच्या नियमांचा सर्वांत मोठा जाणकार तोच ठरला. बुद्धाने शेवटचे जेवण घेतले ते चुंद लोहाराच्या घरी.

हे दूर बिहाराकडचे झाले. आपल्याकडचे पाहा. आपले कऱ्हाड जुन्या लेखांत 'करहाकट' आणि 'करहाकड' अशा नावांनी येते. मध्यप्रदेशात भारहुतचा मोठा स्तूप होता. त्याच्या कठड्याला करहाकट गावाने दान दिल्याचा लेख आहे. रायगड जिल्ह्यात कुडे येथील लेण्यात करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान कोरलेले आहे. कार्ल्याच्या चैत्याचे द्वार सामी नावाच्या सुताराने घडवले, तेही दगडात लिहून ठेवले आहे. नाशिकच्या लेण्यात तर उषवदाताने विणकरांच्या श्रेण्यांकडे तीन हजार कार्षापण ठेवून त्यांच्या व्याजातून भिक्षूंची सोय लावल्याचा लेख आहे. लोखंडवाला, सुतार, कोष्टी यांची नावे आणि धंदे देवळाच्या पायरीखाली नव्हे, धर्माच्या भिंतीवर!

आता त्याच कऱ्हाड तालुक्यातले मसूर स्टेशन डोळ्यांपुढे आणा. साल १९०१. खटाव तालुक्यात गोरेगावी दुष्काळी कामावर खजिनदार असलेल्या रामजी आंबेडकरांची मुले साताऱ्याहून बापाला भेटायला निघाली. त्यांत दहा वर्षांचा भीमराव होता. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि तेही असे की गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान पायी चालणार. सोबत शिदोरी होती, पण पाणी कोणी दिले नाही, म्हणून लेकरे उपाशी निजली. त्या गाडीवानाला पोथी येत नव्हती. तो भट नव्हता. तो आपल्यातलाच कोणी होता, मंडळी. हे ऐकायला कडू लागते.

याच भीमरावांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो माणसांसह बौद्ध धर्म घेतला आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. बुद्ध विष्णूचा अवतार नव्हे, ही त्यांतली एक. श्राद्ध-पिंडदान करणार नाही, ही दुसरी. माझे वडील वारले तेव्हा तेराव्याच्या दानासाठी आम्ही बैल विकला होता. मृताची वाट दुसऱ्याच्या मंत्राने मोकळी होते असे मानले, की तो दुसरा आपला दर सांगणारच.

येथे आपले सत्यशोधक म्हणतील, हे तर जोतीराव फुल्यांनी १८७३ सालीच सांगितले. सांगितले, खरेच. त्यांचे मूळ गावही खटाव तालुक्यातले कटगूण. त्यांचा निर्मीक मात्र सृष्टीचा कर्ता आहे, एवढा फरक. भटावाचून लग्ने सातारा-सांगलीकडे पुष्कळ लागली. पत्रीसरकारच्या दिवसांत गांधी-लग्नेही लागली, सावकाराचे कर्ज न काढता. पण त्या मांडवांत वधूवर बहुतेक एकाच जातीचे होते. भट गेला, जात राहिली. मधला दलाल उठवला, बाजार तसाच. बुद्धाचा भेद नेमका येथे लागतो, आणि आपण येथेच अडतो.

म्हणून बौद्धांचे सगळे गोड असे समजू नका. कर्जदाराला आणि गुलामाला संघात घेऊ नये असा नियम झाला. म्हणजे सावकाराचा गांजलेला कुळवाडी दारातूनच परत. भिक्षुणी शंभर वर्षांची असली तरी तिने आजच दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करावे, असेही लिहिले आहे. सिंहलद्वीपात १७५३ साली सयामी निकाय सुरू झाला, तो पुढे गोयिगम या शेतकरी जातीपुरताच राहिला. तेव्हा इतर जातींनी ब्रह्मदेशातून वेगळी दीक्षा आणली. जपानात भिक्षू मृताला नवे नाव देतात आणि त्याची दक्षिणा घेतात. जुन्या सूत्रांतही हीन कुळातला जन्म मागच्या कर्माचे फळ म्हटलेला सापडतो. आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना ही समजूत बुद्धाची नव्हे असे ठरवून टाकले. पंडित त्यावर वाद घालतात, घालोत. ज्याची जमीन गहाण आहे त्याला "हे तुझे पूर्वीचे पाप" असे सांगणारा धर्म, मग तो कोणत्याही नावाचा असो, सावकाराच्या फार उपयोगी पडतो.

आत्ता मागे बसलेल्या एका मावशींनी विचारले, "मग पालपेश्वराला बेल वाहायचा का नाही?" मावशी, ते तुमचे तुम्ही ठरवा. नातवाला बरोबर न्याल तेव्हा हा स्तूप होता एवढे त्याला सांगा. आणि सवड झाली तर कऱ्हाडजवळ जखिणवाडीच्या आगाशिव डोंगरावरही जा. साठांहून जास्त लेणी आहेत. एका लेण्यात ब्राह्मी अक्षरांत ओळ आहे. वाचता यायची नाही, म्हणून तिच्यात काय आहे ते सांगून ठेवतो : हे लेणे गोपाळाचा मुलगा संघमित्र याचे दान. बापाचे नाव आहे, मुलाचे नाव आहे. जात लिहिलेली नाही.