दाढ पडली, पुढे काय?

बारामती-इंदापूरच्या उसाच्या पट्ट्यात दाढांना सुट्टी नाही. ज्वारीची कडक भाकरी, हुरडा, उसाचं कांडं... चावायला दाढच लागते. तरी दाढ काढली की आपण म्हणतो, दिसत थोडीच आहे! पण रिकाम्या जागेकडे शेजारची दाढ कलते, समोरची हळूहळू लांबते, फटीत घास अडकतो आणि सगळा भार एकाच बाजूवर येतो.

अक्कलदाढ गेली असेल तर सहसा काही बसवावं लागत नाही. बाकीच्यांसाठी स्वस्त उपाय म्हणजे काढता-घालता येणारी कवळी. रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची. पुलासाठी, म्हणजे ब्रिजसाठी, दोन्ही शेजारचे दात घासून बारीक करावे लागतात. ते धडधाकट असतील तर जिवावर येतं. आणि शेवटचीच दाढ गेली असेल तर मागे आधारच उरत नाही, मग पूल टेकवायचा कुठे?

तिथे इम्प्लांट कामी येतं. जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, हाडाशी तो एकजीव व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, मग वर दाढ चढते. १९६५ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क या संशोधकांनी ही पद्धत रुग्णावर प्रथम वापरली. खर्च जास्त. रक्तातली साखर आटोक्यात नसेल किंवा तंबाखू, मिश्री सुटत नसेल, तर ते निकामी होण्याचा धोका वाढतो. हे डॉक्टरांपासून लपवू नका.

आणि बाजारात बसून कवळी लावून देणाऱ्याकडे जाऊ नका. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी आहे का, हे आधी विचारा.